पन्नास मीटर, पण कुठून?

कोकणात भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पाणी पुरतं भरायची वेळ तीनच्या सुमारास, दुपारी एकदा आणि पहाटे एकदा. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. थोडं इकडेतिकडे होतं, पण होडी काढायला एवढा हिशेब बास होतो.

हाच हिशेब थंडी सरता सरता नवी मुंबईत सीवूड्सच्या मागे उभं राहून करून बघावा. एका बाजूला वीस-पंचवीस मजली इमारती, दुसऱ्या बाजूला ठाणे खाडी आणि मधे कांदळवनाचा हिरवा पट्टा. पाणी चढायला लागलं की खाडीच्या अंगानं एक गुलाबी रेघ उठते, थोडी वाकते, मग सुटी सुटी होत डोक्यावरून जाते. रोहित पक्षी, ज्यांना आपण सगळेच आता फ्लेमिंगो म्हणतो. ओहोटीला खाडीतला चिखल मैलभर उघडा पडतो, तेव्हा ते तिथे चरत असतात. भरती आली की पायाखालचं ताट बुडतं, आणि हजारो पक्षी उठून जवळच्या उथळ पाण्यात येऊन बसतात: डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्यमागची पाणथळ, एनआरआय संकुलालगतचं पाणी, खाडीपलीकडे भांडुपचं उदंचन केंद्र. पाणी ओसरलं की परत चिखलावर. साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी पुन्हा तेच. सूर्य कुठे आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही, त्यांचं वेळापत्रक चंद्र ठरवतो. पाऊणपटीचा पाढा कुणी शिकवला त्यांना, देव जाणे.

म्हणजे या पक्ष्यालाही घर लागतं, आणि दिवसातून दोनदा लागतं. एक स्वयंपाकघर, एक बसायची खोली. गंमत अशी, की स्वयंपाकघराला कायद्याचं भक्कम कुलूप आहे. खाडीचा १,६९० हेक्टरचा पट्टा २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये ठाणे खाडीला महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत जागा मिळाली. बसायच्या खोल्या मात्र बहुतेक त्या कुलपाबाहेर, शहराच्या हद्दीत, ज्या जागांचा भाव चौरस फुटावर मोजतात अशा ठिकाणी आहेत.

त्या स्वयंपाकघरात डोकावल्याशिवाय पुढे जाववत नाही. रोहित डोकं उलटं करून जेवतो. चोच वरची खाली, खालची वर. आत कंगव्याच्या दातांसारख्या बारीक पट्ट्यांची गाळणी असते, आणि जाडजूड जीभ पंपाच्या दट्ट्यासारखी सेकंदाला कित्येक वेळा मागेपुढे होते. पाणी आत, पाणी बाहेर, मधे अडकतं ते पोटात. ‘छोटा रोहित’ या जातीची गाळणी इतकी बारीक की डोळ्यांना न दिसणारं निळं-हिरवं शेवाळ त्याला पुरतं. त्या शेवाळातल्या रंगद्रव्यानंच तो गुलाबी होतो; पिल्लू जन्मतं ते करडं. आणि ठाणे खाडीत हे शेवाळ एवढं माजतं कशामुळे, तर आपण सोडलेल्या सांडपाण्यामुळे. १९९० च्या दशकात शिवडीच्या चिखलावर हे पक्षी मोठ्या संख्येनं दिसू लागले तेव्हा लोक चक्रावले होते. आता एखाद्या मोसमात लाखाच्या वर मोजले जातात. आपल्या घाणीवर कुणी इतकं देखणं होऊ शकतं, हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

आता त्या हिरव्या पट्ट्याकडे. त्याच्या आणि इमारतीच्या मधे मोकळी जागा सोडायची, असा नियम आहे. सगळ्यांना आकडाही पाठ असतो: पन्नास मीटर. माझ्या चालीनं ती सत्तर पावलं होतात. मी एकदा मोजायला गेलो आणि पहिल्याच पावलाला अडलो. पन्नास मीटर खरे, पण सुरुवात कुठून करायची?

इथे कायद्याची मजा सुरू होते. पन्नास एक नाही, निदान तीन आहेत. २०१७ च्या पाणथळ नियमांतला पन्नास नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून मोजतात; त्याच्या आत पक्कं बांधकाम नाही, होडीचा धक्का तेवढा चालतो. पण हे नियम रामसर स्थळांना आणि सरकारनं अधिसूचित केलेल्या पाणथळींना लागू. भातखाचरं त्यातून वगळलेली, पिण्याच्या पाण्याचे, सिंचनाचे तलाव वगळलेले, मिठागरंही वगळलेली. किनारा नियमनाच्या, म्हणजे सीआरझेडच्या, हद्दीत येणाऱ्या जागाही त्यांच्या कक्षेबाहेर. मग सीआरझेडचा पन्नास. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे कांदळवन १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल, तर त्याच्या कडेपासून पन्नास मीटर राखायचे. १,००० चौरस मीटर म्हणजे जेमतेम दहा गुंठे. खाडीकाठचा सीआरझेड पट्टा आणखी वेगळा: भरतीरेषेपासून पन्नास मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते. २०११ च्या अधिसूचनेत इथे शंभर होते. आणि तिसरा, सगळ्यात कडक पन्नास न्यायालयाचा. मुंबई उच्च न्यायालयानं ६ ऑक्टोबर २००५ रोजी महाराष्ट्रभर कांदळवनाची तोड थांबवली आणि त्याच्या सर्व बाजूंनी पन्नास मीटरच्या आतली बांधकामं गोठवली, जमीन कुणाच्याही मालकीची असो. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालानं ते कायम केलं, आणि कांदळवनाचा नाश हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, असं ठरवलं. दहा गुंठ्यांची अट इथे नाही.

तर एकाच जागेवर उभं राहून पूररेषेपासून, भरतीरेषेपासून आणि झाडापासून तीन वेगळ्या ठिकाणी पन्नास संपतात. भरतीरेषेचंही तसं सोपं नाही. ती उधाणाच्या भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे आखायची असते, आणि ते काम चेन्नईच्या राष्ट्रीय केंद्राकडे आहे. नकाशावर ती एक बारीक रेघ दिसते. जागेवर तिचा शोध घ्यायला गेलं, तर चपलेला चिखल लागतो.

या सत्तर पावलांची किंमत किती, तेही बघू. खाडीकाठानं एक किलोमीटर लांब आणि पन्नास मीटर रुंद पट्टा म्हणजे पाच हेक्टर, बारा एकरांच्या थोडं वर. एफएसआय, म्हणजे जागेच्या किती पट बांधकाम, एक धरला आणि घर पन्नास चौरस मीटरचं, तर हजार घरं. नवी मुंबईत एफएसआय एकवर थांबत नाही, म्हणून दोन-तीन हजार म्हणा. ही घरं कुणाला तरी हवी आहेत. डोंबिवलीहून दीड तास लोंबकळत येणाऱ्याला हवी आहेत. त्याला ‘पक्ष्यांसाठी जागा सोडली’ एवढंच सांगितलं तर तो चिडेल, आणि त्याचं चिडणं मला खोटं वाटत नाही.

त्याहून जुना दावा इथल्या आगरी-कोळ्यांचा. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या. त्यात भातशेती होती, मिठागरं होती. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. आता कल्पना करा, तीस वर्षं वाट बघून हातात आलेल्या भूखंडाच्या कडेला तिवर, म्हणजे कांदळवनाचंच झाड, उगवलेली आहे आणि म्हणून घर बांधता येत नाही. द्रोणागिरीच्या बाजूला अशी दुखणी आहेत. त्या माणसापुढे जैवविविधतेवर व्याख्यान द्यायची माझी तरी हिंमत नाही.

पण ‘तिवर उगवली’ म्हणजे काय झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. झाड एका जागी उभं असतं, अशी आपली समजूत. तिवरांचं जंगल चालतं. तिवरीचं बी झाडावर असतानाच सालीच्या आत रुजायला लागतं, मग तयार कोंब पाण्यात पडतो, तरंगतो, भरती नेईल तिकडे जातो, आणि पाणी ओसरताना जिथे चिखल लागेल तिथे मूळ धरतो. त्या चिखलात हवा नसते, म्हणून मुळं वर येतात: पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशी शेकडो श्वसनमुळं. मीठ नको असतं, तर ते पानातून बाहेर टाकतं. उन्हाच्या वेळी तिवरीच्या पानाला जीभ लावून बघा, खारट लागतं. त्या पेन्सिलींच्या मधून निवट्या कल्ल्यांत पाणी धरून चिखलावर उड्या मारत असतात, मासा असूनही. असं जंगल जिथे खारं पाणी जाईल तिथे जाणार. त्याला सातबारा कळत नाही.

रायगडच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला हे कुणी सांगायला नको. तिथली भातशेती समुद्राला बाहेरकाठ्यानं अडवून मिळवलेली. बांधाला खांड पडली आणि ती वेळेवर भरली नाही, की उधाणाचं पाणी शेतात शिरतं. काही वर्षांत भाताच्या जागी तिवर उभी राहते, आणि मग तीच कायद्यानं संरक्षित होते. जमीन त्याची, शेतसारा त्याचा, झाड सरकारचं. आणि पन्नास मीटर आता त्या नव्या झाडापासून.

याच बांधात एक वस्तू असते, जी मला आजवर पाहिलेल्या सगळ्या यंत्रांत शहाणी वाटते. तिला उघाडी म्हणतात. गोव्याच्या खाजणांत मानस. वरून टांगलेली एक फळी, बस. पावसाचं पाणी आत साठलं की आतल्या दाबानं ती बाहेर उघडते. भरतीचं पाणी बाहेरून रेटायला लागलं की तोच रेटा तिला घट्ट मिटवतो. वीज नाही, चालक नाही.

नवी मुंबई उभी राहिली तीच मुळी या फळीच्या भरवशावर. शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली आहे. म्हणून डच पद्धतीनं खाडीच्या कडेला धारण तलाव ठेवले. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. नेमका त्याच वेळी मुसळधार पाऊस आला तर शहरातलं पाणी खाडीत जायला वाट नसते. तेव्हा तलावाची झडप मिटते, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला झडप उघडते आणि तलाव रिकामा होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याला थांबायला जागा नसली की काय होतं, ते खाडीच्या पलीकडच्या शहरानं बघितलं.

आता गाठ बघा कशी बसते. काही तलावांच्या झडपा निकामी झाल्या. भरतीबरोबर गाळ आत आला. गाळावर कोंब आले, कोंबांची तिवर झाली. तलाव उथळ झाला, म्हणजे पूर अडवायची ताकद गेली. गाळ काढायचा तर तिवर तोडावी लागते, आणि ती तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागते. कांदळवन पुरापासून वाचवतं म्हणून त्याला संरक्षण, आणि त्या संरक्षणामुळे पूर अडवणारा तलाव साफ होत नाही. इथे कुणी खलनायक नाही. एका झडपेची बिजागरी वेळेवर बदलली असती, तर हा प्रश्नच उभा राहिला नसता.

उलटी बाजू डीपीएस तलावाची. सुमारे तीस एकरांचं हे पाणी. त्याच्यात कुणी इमारत उभी केली नाही, भरावही घातला नाही. फक्त भरतीचं पाणी आत-बाहेर करणाऱ्या वाटा बुजल्या. फिरतं पाणी साचलेलं झालं. एप्रिल २०२४ मध्ये त्या परिसरात काही रोहित मेलेले सापडले, काही जखमी. पुढे तलावावर शेवाळाची साय धरली आणि पक्ष्यांनी पाठ फिरवली. समिती बसली, पाण्याच्या वाटा मोकळ्या करा असं तिनं सांगितलं, आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं तलावाला संरक्षित दर्जा द्यायला मंजुरी दिली. भोवतीचं अंतर मीटरनं मोजलं असतं तर कागदोपत्री सगळं शाबूत होतं. मेली होती ती पाण्याची ये-जा.

तलावाजवळ रोहित मेले त्याच वर्षी, २० मे २०२४ च्या रात्री, घाटकोपरवर उतरत्या विमानाला एक थवा धडकला आणि चाळीसच्या आसपास रोहित पडले. ते तिथे त्या वेळी का होते, यावर बरेच तर्क झाले. एवढं मात्र समजायला पक्षीतज्ज्ञ व्हायला नको, की बसायची खोली बंद असेल तर पाहुणा दुसरी शोधत हिंडणार, आणि विमानतळ जवळच आहे. आता तर खाडीच्या दोन्ही बाजूंना आहेत.

अंतर मोठं केलं की प्रश्न सुटतो, असं मानणाऱ्यांसाठी बंगळूरची गोष्ट आहे. तिथे राष्ट्रीय हरित लवादानं मे २०१६ मध्ये तलावांभोवती तीसऐवजी पंचाहत्तर मीटर मोकळे ठेवायला सांगितले, तेही शहरातल्या सगळ्या तलावांना सरसकट. मंजूर नकाशे हातात असलेल्यांची झोप उडाली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती सरसकट अट रद्द केली. कायद्यानं तयार झालेला शहराचा आराखडा बदलायचा अधिकार लवादाला नाही, म्हणून. पंचाहत्तरचे पुन्हा तीस झाले. तलावांना या सगळ्यात काय मिळालं, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही.

आणि अंतर शून्य केलं तर? मुंबईत त्याचा प्रयोग होऊ घातला आहे. कांजूर, भांडुप, मुलुंडच्या मिठागरांची २५५.९ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनातल्या घरांसाठी द्यायचा निर्णय २०२४ मध्ये झाला. मिठागर माणसानं केलेलं, म्हणून ते नियमाच्या लेखी पाणथळ नाही. पावसाच्या पाण्याला ही व्याख्या वाचून दाखवायची सोय नाही. ते सखल जागा बघून तिथेच जमणार, पूर्वी मिठाच्या कोंडीत, पुढे पार्किंगमध्ये.

माझं म्हणणं असं, की पन्नास मीटर असू द्यात. नसण्यापेक्षा तो पट्टा फार मोलाचा आहे. कांदळवनाला मागे सरकायला तेवढीच जागा उरते. समुद्राची पातळी जगभर वर्षाला तीन-चार मिलिमीटरनं चढते आहे. ऐकायला काहीच नाही, पण हजारात एक असा सपाट उतार असेल तर दहा सेंटिमीटर चढलेलं पाणी शंभर मीटर आत येतं. त्या दिवशी आजची रेघ चिखलात असेल आणि तिच्यामागे भिंत असेल. म्हणून रेघ एकदा आखून फाइल बंद करणं हा शुद्ध वेडेपणा आहे. ती ठरावीक वर्षांनी जागेवर जाऊन पुन्हा आखायला हवी. आणि मीटरइतकेच नळे मोजायला हवेत: रस्त्याखालून भरती जाते ते किती, त्यातले उघडे किती, झडपा चालू किती. गृहसंकुलाला परवानगी देताना आगीच्या बंबाची वाट तपासतात, तशी पाण्याची वाट तपासली आणि तिच्या देखभालीचं नाव-गाव कागदावर लिहून घेतलं, तर पक्ष्यांचंही भागेल आणि तळमजल्यावरच्यांचंही. ज्याचा भूखंड तिवरीत गेला त्याला मात्र दुसरा द्या, आणि तो हयात असताना द्या.

तोवर आपल्या हातातलं काम. खाडीकाठी घर बघायला जायचं असेल, तर ब्रोकर तुम्हाला संध्याकाळी बोलावेल. सहा वाजता वारा छान असतो, समोर नुसतं मोकळं दिसतं. पौर्णिमा-अमावस्येला संध्याकाळी सहाला मुंबईत पुरती ओहोटी असते. तुम्ही त्याच दिवशी, पण दुपारी साडेअकरा-बाराला जा. पावसाळ्यात जमलं तर उत्तम. पाणी इमारतीपासून किती पावलांवर येऊन थांबतं ते स्वतः मोजा, आणि मगच टोकन द्या.